शास्त्रांसाठी सुट्या फळ्यांचे कपाट

ज्येष्ठ शुद्ध पंचमीस, म्हणजेच श्रुतपंचमीस, शास्त्रे बाहेर काढून त्यांना नवी वेष्टने घालण्याची परंपरा आहे. पावसाळ्याच्या तोंडावर येणारा हा दिवस कपाटाच्या डागडुजीसही योग्य होय.

अनेक घरांत आता सुट्या फळ्या जोडून उभारलेले स्वस्त कपाट असते. गिलिस लुंडग्रेन यांनी १९७९ मध्ये ‘आयकिया’ या स्वीडिश कंपनीसाठी रचलेले ‘बिली’ हे त्यांतील विशेष प्रसिद्ध. २८ सेंटीमीटर खोली ग्रंथांस पुरते. दारे बसविली की धूळही अडते. उणीव तळाशी आहे. तेथील बंद पट्टीमागे केर साचतो व कोंदट जागेत जीवोत्पत्ती होते. ती पट्टी काढून कपाट उंच पायांच्या भक्कम लाकडी चौकटीवर बसवावे, म्हणजे खालून रोज मऊ झाडणी फिरविता येते. माथा मात्र भिंतीस जखडलाच पाहिजे. लहान मुलांना फळ्या म्हणजे शिडीच वाटते.

जागेनुसार फळी कापली असल्यास कड पट्टी चिकटवून झाकावी. उघडा पार्टिकल बोर्ड ओलाव्याने फुगतो, आणि एकदा फुगला की पूर्ववत होत नाही. त्याच कंपनीच्या ‘कॅलॅक्स’ला करवत लावू नये, त्याच्या जाड फळ्यांच्या आत नुसती कागदी जाळी असते.