गोठवलेल्या रक्ताची साक्ष

10 जुलै 1976 रोजी, शनिवारी दुपारी, इटलीतील मिलान शहराच्या उत्तरेस मेदा गावच्या हद्दीतील एका रासायनिक कारखान्यात भट्टीची उष्णता अनावर होऊन जो लोट उसळला, तो वाऱ्यासरशी शेजारच्या सेवेसो गावावर उतरला. आणि परसातील कोंबड्या व ससे पटापट मरू लागले, मुलांच्या तोंडावर पुळ्या उठल्या, तेव्हा कोठे त्या लोटात डायॉक्सिन नावाचे जहाल विष होते ही गोष्ट दप्तरी रुजू झाली. त्या धांदलीत रहिवाशांचे रक्त तपासणीसाठी घेतले गेले आणि उरलेले गोठवून ठेवले गेले. इतक्या थोड्या रक्तातून हे विष मोजण्याची विद्याच त्या वेळी नव्हती; तरीही कुणाला त्या कुप्या फेकवल्या नाहीत, ही मला या हकिगतीतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

या कुप्यांचा संबंध पुढे स्त्रियांच्या एका विकाराशी जुळला. एन्डोमेट्रिओसिस या विकारात गर्भाशयाच्या अस्तरासारखे पेशीजाल अंडाशयावर किंवा आतड्यालगत, म्हणजे नसावे तेथे वाढते, दर पाळीला तेथेही दाह होतो, आणि ‘पाळीत पोट दुखायचेच’ या घरगुती निकालामुळे त्याची दाद वर्षानुवर्षे लागत नाही. 1993 मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे, पूर्वी चार वर्षे अन्नातून डायॉक्सिन दिलेल्या माकडिणींत हा विकार मात्रेच्या प्रमाणात अधिक तीव्र आढळला, तेव्हा सेवेसोच्या कुप्यांना महत्त्व आले.

ब्रेंडा एस्केनाझी, पाओलो मोकारेल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अपघातसमयी तिशीच्या आत असलेल्या 601 स्त्रियांची तपासणी करून 2002 मध्ये आपला निष्कर्ष मांडला: ज्यांच्या रक्तात विष सर्वाधिक होते, त्यांच्यात विकाराचा धोका सुमारे दुप्पट दिसला, परंतु रुग्ण अवघ्या 19 असल्याने ही तफावत योगायोगाचीही असू शकेल, असे त्यांनी स्वच्छ नमूद केले. संशयाला गुन्ह्याचा शिक्का मारण्याची घाई न करणारे असे संशोधन विरळा.

खरी अडचण निराळीच होती. पोटात दुर्बीण घालून पाहिल्याखेरीज या विकाराची खात्री देणे कठीण, आणि कोणतीही स्त्री केवळ संशोधकांच्या समाधानासाठी शस्त्रक्रियेला थोडीच तयार होणार; 277 जणी निरोगी ठरल्या, पण त्यामुळे उरलेल्या 305 जणी ‘अनिश्चित’ या सदराखाली राहिल्या.