गोळी आणि भाकरी

१९७० साली लायनस पॉलिंग या नोबेल-विजेत्या शास्त्रज्ञाने ‘क’ जीवनसत्त्व सर्दीवर गुणकारी असल्याचे पुस्तक लिहून सांगितले. तोच समज २०२०-२१ च्या करोनाकाळात पुन्हा बळावला. देवगाव फाट्यासारख्या गावी मजुरीचे पैसे अशा गोळ्यांवर खर्चावेत काय, हा आपणापुढील प्रश्न आहे.

२०२१ साली अमेरिकेत २१४ करोना रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. मोठ्या मात्रेत ‘क’ जीवनसत्त्व व जस्त देऊनही दुखणे विशेष लवकर हटले नाही.

मग जीवनसत्त्वे निरुपयोगी काय? मुळीच नव्हे. शरीरात उणीव असेल तर ती भरून काढलीच पाहिजे. परंतु भरल्या घागरीत ओतलेले पाणी वाहूनच जाते. ‘क’ जीवनसत्त्वाचा जादा भाग तसाच लघवीवाटे जातो. जस्त दीर्घकाळ अधिक घेतल्यास शरीराला तांबे कमी पडते.

प्रौढ पुरुषास रोज सुमारे ८० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व पुरते. एक बऱ्यापैकी पेरू तेवढे देतो. तेव्हा दुखण्यातून उठणाऱ्याला आपण भाकरी, वरण, पालेभाजी, दूध आणि विश्रांती द्यावी. धाप लागली, तर मात्र गोळीच्या भरवशावर न राहता तत्काळ दवाखाना गाठावा.