चित्रे चालू लागतात

गडचिरोलीहून पूर्वेला छत्तीसगडच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर धानोरा हे तालुक्याचे गाव आहे. गावाच्या सभोवती साग, बांबू, तेंदू आणि मोह यांचे जंगल पसरलेले आहे. चैत्राच्या सुमारास मोह फुलतो. रात्रीतून फुले गळू लागतात आणि पहाटेपर्यंत झाडाखाली पिवळसर फुलांचा सडा पडतो. मुले टोपल्या घेऊन आईवडिलांबरोबर फुले वेचायला जातात. ऊन चढले की सारी मंडळी घरी परततात. मग दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही, आणि घरात एखादा मोबाइल असला तर तो या हातातून त्या हातात फिरू लागतो. त्याच्या पडद्यावर कोणी वीर धावतो, खंदक ओलांडतो, भिंतीवरून उड्या मारतो. आणि हे सारे मुलाच्या अंगठ्याच्या इशाऱ्यावर चाललेले असते.

वारंवार जिंकून खेळाचा कंटाळा आला की एखाद्याच्या मनात येते, या वीराला गोष्टीतल्या माणसासारखे वागायला लावता येईल काय? त्याला मोहाच्या झाडाखाली उभा करून वरून टपकन फूल पडताना दाखवता येईल काय? अशाच एखाद्या प्रश्नातून एका छंदाचा जन्म होतो. जगातील पुष्कळ मुले आणि मोठी माणसेही फावल्या वेळात संगणकावरील खेळांतील पात्रे घेऊन, किंवा तशी पात्रे स्वतः काढून, त्यांच्या गोष्टींचे व्हिडिओ तयार करतात. हे काम कसे चालते ते समजण्यासाठी आधी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पडद्यावरचे कोणतेही चित्र हलत नसते.

चित्रपटात दर सेकंदाला २४ स्थिर चित्रे डोळ्यांपुढून जातात. पहिल्या चित्रात पाय जमिनीवर असतो, दुसऱ्यात तो किंचित उचललेला असतो, तिसऱ्यात आणखी थोडा. पाय उचलण्याची क्रिया यांपैकी एकाही चित्रात नाही. ती पाहणाऱ्याच्या ठिकाणी घडते. बेल्जियमचे शास्त्रज्ञ जोसेफ प्लॅटो यांनी १८३२ साली एक फिरती तबकडी तयार केली होती. तिच्या कडेने एकाच नर्तकाची निरनिराळ्या क्षणांची चित्रे काढलेली असत. तबकडी आरशासमोर धरून फिरवली आणि तिच्या फटींतून पाहिले की नर्तक गिरक्या घेऊ लागे. डोळ्यांत आधीचे चित्र क्षणभर टिकून राहते म्हणून असे होते, असे पुढे पुष्कळ काळ शिकवले जात असे. परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही. आधीचे चित्र नुसतेच टिकून राहिले असते, तर दोन चित्रे एकमेकांवर पडून गोंधळ झाला असता. माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञांनी १९१२ साली प्रयोगांनी दाखवले, की जवळजवळच्या दोन रेषा योग्य अंतराने एकामागून एक दाखवल्या तर पाहणाऱ्याला दोन रेषा दिसतच नाहीत. एकच रेषा इकडून तिकडे सरकलेली दिसते. मधला प्रवास मेंदू स्वतः जोडून घेतो.

वेर्थायमर यांचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी मुंबईत एक मराठी गृहस्थ कुंडीतल्या वाटाण्यापुढे कॅमेरा लावून बसले होते. ते धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके होत. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळक्यांनी चित्रकला, छायाचित्रण आणि छपाई हे सारे व्यवसाय करून पाहिले होते. ‘प्रोफेसर केळफा’ असे स्वतःचेच आडनाव उलटसुलट करून घेतलेल्या नावाने ते जादूचे प्रयोगही करीत. आपल्या देशात चित्रपट काढायचाच, या ध्यासाने त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठले आणि कॅमेरा आणला. पण चित्रपटासाठी लागणारे भांडवल एवढ्याने उभे राहात नव्हते. हा मनुष्य खरोखरच हलती चित्रे काढू शकेल, याची लोकांना खात्री वाटत नव्हती. तेव्हा त्यांनी वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची चित्रे दिवसामागून दिवस टिपली. कॅमेऱ्याचे हँडल सलग फिरवायचे नाही, थोड्याथोड्या चौकटींपुरते फिरवायचे आणि थांबायचे, असा तो प्रकार होता. फीत पडद्यावर दाखवली तेव्हा कित्येक दिवसांची वाढ पाहता पाहता घडली. कोंब वर आला, पाने उलगडली, वेल चढू लागली. या फितीने भांडवल मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. कोऱ्या फितीला छिद्रे पाडण्यापासूनच्या कामांत सरस्वतीबाई फाळके यांनी पतीला साथ दिली, हेही विसरता येत नाही.

झाड आपले आपण वाढते. त्याची फक्त चित्रे घ्यावी लागतात. परंतु जी वस्तू आपण होऊन जागची हलणार नाही, तिचे काय? १९१५ साली फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाची छोटी फीत तयार केली. साध्या आगपेटीतील काड्या तीत आपण होऊन हालचाल करीत. काडी थोडी सरकवायची, बाजूला व्हायचे, एक चौकट टिपायची आणि पुन्हा काडी सरकवायची, ही त्यामागची रीत. ती फीत आज उपलब्ध नाही, याची हळहळ वाटते. पण रीत मात्र जिवंत आहे आणि ती आजमावण्यास एक आगपेटी पुरते.

धानोऱ्याच्या घरात हा प्रयोग बांबूच्या काड्यांनीही होईल. जमिनीवर एक मोठा कागद अंथरावा. दोन बाजूंना दोन स्टुले ठेवून त्यांवर थोडी फट सोडून दोन फळ्या टाकाव्यात आणि फटीवर मोबाइल पालथा ठेवावा, म्हणजे त्याला वरून कागद दिसेल. कागदाच्या चारही कडा दगडांनी दाबाव्यात, कारण फोटो काढताना तो कागद तसूभरही हलता कामा नये. खिडकी मात्र लावून घ्यावी. सूर्य सरकतो तशी सावलीही सरकते, आणि चित्रे जोडली म्हणजे उजेड लुकलुकताना दिसतो. म्हणून एका स्थिर दिव्याच्या प्रकाशात काम करणे बरे. काढलेले फोटो ओळीने जोडून दाखवणारी अॅप फुकट मिळतात.

आता कागदाचे लहानसे मोहाचे फूल कापून ते झाडावरून पडताना दाखवायचे आहे, असे समजा. नवशिका मुलगा फूल दर फोटोला दोन दोन बोटे खाली सरकवतो. फोटो जोडून पाहतो तो काय, फूल पडत नाही! कोणीतरी दोरीने हळूहळू खाली सोडावे तसे ते उतरते. फोटो चांगले असतात, फूलही चांगले असते. चुकते ते दोन चित्रांमधील अंतर. पडणारी वस्तू सारख्या वेगाने पडत नाही, तिचा वेग क्षणोक्षणी वाढत जातो. इटलीचे शास्त्रज्ञ गॅलिलिओ यांनी सतराव्या शतकात याचा सुंदर नियम सांगितला. सारख्या कालखंडांत वस्तू अनुक्रमे १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतर तोडते. म्हणजे फूल पहिल्यांदा एक बोट, मग तीन बोटे, मग पाच आणि मग सात बोटे सरकवायचे. सेकंदाला बारा फोटो धरले, तर खरे फूल पहिल्या बाराव्या भागात सुमारे साडेतीन सेंटिमीटर, दुसऱ्यात दहा आणि तिसऱ्यात सतरा सेंटिमीटर पडते. या प्रमाणात फोटो घेऊन पाहिले की फूल खरोखर टपकन पडते. सागाचे पान मात्र या नियमाने पडत नाही. ते हवेवर तरंगते, एका अंगाला झुकते, क्षणभर थबकते आणि दुसऱ्या अंगाला घसरते. त्याची अंतरे निराळी मोजावी लागतात.

या कामाला वेळ किती लागतो? सेकंदाला बारा चित्रे धरली तर अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओला ३६० चित्रे लागतात. शेवटच्या विसात पोहोचल्यावर धाकट्या भावाचा पाय स्टुलाला लागला, की मोबाइल हलतो आणि दुपारचे श्रम वाया जातात. हा अनुभव या छंदातील बहुतेकांना कधी ना कधी येतोच.

हाताने चित्रे काढायची तर श्रम आणखी वाढतात. फ्रान्सच्या एमिल कोल यांनी १९०८ साली काढलेल्या दीड-दोन मिनिटांच्या व्यंगचित्रपटाला सुमारे ७०० चित्रे लागली. आपल्याकडे पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३४ साली ‘जंबूकाका’ हा कोल्ह्याचा व्यंगचित्रपट काढला. पुढे मुंबईला सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगचित्रपटांचा विभाग निघाला. तेथे डिस्ने यांच्याकडे काम केलेले क्लेअर वीक्स शिकवण्यास आले, आणि जी. के. गोखले आदी कलावंतांच्या हातून १९५७ साली जातककथेवरील ‘द बनियन डिअर’ हा चित्रपट तयार झाला. अशा ठिकाणी कामाची वाटणी असते. मुख्य कलावंत हालचालीतील महत्त्वाची चित्रे काढतो. हरिण उडीसाठी दबते ते एक, हवेत असते ते दुसरे, जमिनीवर टेकते ते तिसरे. त्यांच्या मधली चित्रे साहाय्यक भरतात.

आज ही मधली चित्रे संगणक भरून देतो. ब्लेंडर नावाची अशी एक आज्ञावली आहे. ती बनवणाऱ्या कंपनीचा कारभार थांबल्यावर २००२ साली लोकांनी एक लाख युरो जमवून ती सर्वांसाठी खुली करून घेतली. तेव्हापासून ती कोणालाही विनामूल्य वापरता येते. लॅटव्हिया या छोट्या देशातील गिंट्स झिल्बालोडिस यांनी तिच्यावर केलेल्या ‘फ्लो’ या मांजराच्या गोष्टीच्या चित्रपटाला २०२५ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. परंतु ‘सारखे सारखे अंतर ठेव’ असे सांगितले तर संगणकही नवशिक्या मुलाप्रमाणेच फूल दोरीने उतरवतो. कोठे घाई, कोठे थबकणे, हे त्याला माणसानेच सांगावे लागते.

खेळातील वीराची गोष्ट याहून निराळी आहे. चित्रपटाची चित्रे आधीच तयार असतात. खेळणारा मुलगा पुढच्या क्षणी डावीकडे वळेल की उडी मारील, हे मात्र कोणालाच ठाऊक नसते. म्हणून खेळाची चित्रे खेळता खेळताच काढली जातात, आणि तीही सेकंदाला तीस किंवा साठ. साठ चित्रे काढायची तर प्रत्येकाला एका सेकंदाचा साठावा भाग मिळतो. तेवढ्यात संगणकाने बोटाचा इशारा ओळखायचा, वीराची नवी जागा ठरवायची, तो भिंतीवर आदळला की काय ते तपासायचे आणि सारे दृश्य रंगवायचे.

संगणक एवढ्या तत्परतेने चित्रे काढतोच आहे, तर त्याच्याकडूनच गोष्टीचा चित्रपट का काढून घेऊ नये, असे काही अमेरिकी खेळाडूंना सुचले. १९९६ साली ‘क्वेक’ या खेळात त्यांनी ‘डायरी ऑफ अ कॅम्पर’ ही दीडएक मिनिटाची गोष्ट तयार केली. त्या खेळात झालेला डाव साठवून पुन्हा पाहण्याची सोय होती. साठवली जात ती चित्रे नव्हेत, तर कोण कोणत्या क्षणी कोठे होता याची टिपणे. त्यांवरून संगणक सारे दृश्य नव्याने काढी. त्यांनी लढाईसाठी बनवलेले वीर नटांसारखे वापरले. २००३ साली ‘रेड व्हर्सेस ब्लू’ ही विनोदी मालिका ‘हेलो’ या खेळातील शिपायांवर सुरू झाली. त्या शिपायांचे चेहरे शिरस्त्राणांनी झाकलेले. मग बोलतो कोण हे कळावे कसे? जो बोलत असेल त्याची मान हलवायची, अशी युक्ती कर्त्यांनी योजली. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या युक्तीचे नवल वाटणार नाही. बाहुलीचे ओठ हलत नाहीत. पण जिच्या दोऱ्या नाचतात तीच बोलते आहे, हे प्रेक्षकाला आपोआप कळते.

दुसऱ्याच्या खेळातील पात्रे वापरताना एक अडचण येते. ती पात्रे त्या कंपनीच्या मालकीची असतात. काही कंपन्या छंदासाठी परवानगी देतात, काही देत नाहीत. व्हिडिओ लोकांपुढे ठेवण्याआधी अटी पाहाव्या लागतात. कागदाच्या फुलाला ही अडचण नाही.

ते फूल एव्हाना नीट पडू लागले आहे. पण जमिनीला लागल्यावर त्याने काय करायचे? मुलाने ते चेंडूसारखे दोन बोटे वर उडवून पाहिले, तर घरातली सारी हसली. मग जागच्या जागी चिकटवले, तर ते दगडासारखे दिसले. खरे फूल गरदार असते. ते किंचित दबते का, कलंडते का, की एखादी गिरकी घेऊन थांबते? वर्षानुवर्षे मोह वेचूनही कोणी हे लक्ष देऊन पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताच तो मुलगा टोपली घेऊन निघाला. झाडाखाली पोहोचल्यावर मात्र टोपली बाजूला ठेवून, मान वर करून, पुढचे फूल गळण्याची वाट पाहात बसला.