ओठामागचा एक मिलिमीटर

वरच्या जबड्यातल्या पुढच्या दाताच्या मुळावर, ओठाच्या बाजूला, हाडाचं जे आवरण असतं ते बहुतेक माणसांत एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतं. त्या दाताच्या जागी बसवायचा टायटॅनियमचा इम्प्लांट साधारण चार मिलिमीटर जाडीचा असतो. तो योजलेल्या जागी नेण्यासाठी ड्रिलला दिशा देणारं, संगणकावर आखलेलं गाइड वापरलं, तरी 2018 साली ताहमासेब आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात सरासरी चूक अशी निघाली: हाडात शिरताना 1.2 मिलिमीटर, टोकाशी 1.4 मिलिमीटर आणि कोनात 3.5 अंश. म्हणजे ही चूक हाडाच्या त्या भिंतीच्या जाडीपेक्षा मोठी. तरीही हे काम जगभर रोज होतं आणि पुष्कळदा उत्तम होतं. याचं श्रेय केवळ यंत्राच्या अचूकतेला देणं मला पटत नाही. चूक होणारच हे धरून, ती कोणत्या बाजूला पडू द्यायची हे आधी ठरवणाऱ्या दंतवैद्याचं ते श्रेय आहे.

इतिहास थोडक्यात सांगता येतो. स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशांच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची नळी हाडाने इतकी घट्ट धरली की ती काढता येईना. 1965 साली गोस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात त्यांनी पहिले इम्प्लांट बसवले आणि 2006 मध्ये लार्सन वारले तेव्हाही ते काम देत होते. त्या काळचा प्रश्न दात नसलेल्या माणसाला चावता येईल का, हा होता आणि हाडाने धातू धरला की उत्तर मिळत होतं. पटाशीच्या दाताला हा निकष पुरत नाही. तिथे इम्प्लांट हाडात पक्का बसलेला असतो, एक्स-रे निर्दोष असतो, आणि तरीही दोन वर्षांनी हिरडी वर सरकून नवा दात शेजारच्यापेक्षा लांब दिसू लागतो. हसताना ओठावर हात नेणाऱ्या माणसाला तो इम्प्लांट यशस्वी झाला असं कोणी सांगू नये.

हिरडी का सरकते, याचं मूळ त्या पातळ भिंतीत आहे. तिचा हिरडीलगतचा भाग दाताच्या मुळाला धरून ठेवणाऱ्या तंतूंसाठीच असतो. दात काढला की तंतू जातात आणि पाठोपाठ तेवढं हाडही विरघळतं. आराउजो आणि लिंडे यांनी 2005 साली कुत्र्यांवरच्या अभ्यासात पहिल्या आठ आठवड्यांतच ही झीज दाखवली, आणि ती जिभेच्या बाजूपेक्षा ओठाच्या बाजूला अधिक होती. हिरडी हाडाच्या आधाराने उभी असते, त्यामुळे इम्प्लांट ओठाकडे झुकला की उरलेला आधारही जातो. इव्हान्स आणि चेन यांनी 2008 मध्ये दात काढून लगेच बसवलेले इम्प्लांट तपासले, तेव्हा ओठाकडे सरकलेल्यांवर हिरडी सरासरी 1.8 मिलिमीटर मागे हटलेली होती, तर टाळूकडे असलेल्यांवर 0.6 मिलिमीटर. तीच चूक, उलट बाजूला, आणि नुकसान तिपटीचं. म्हणूनच बुझर, मार्टिन आणि बेल्झर यांनी 2004 साली या भागासाठी सुरक्षित आणि धोक्याचे पट्टे आखले, ते मला गाइडच्या शोधाइतकेच मोलाचे वाटतात. आज बहुतेक जण जी मापं पाळतात ती अशी: शेजारच्या मुळापासून किमान दीड मिलिमीटर अंतर, होणाऱ्या हिरडीच्या कडेपासून सुमारे तीन मिलिमीटर खोली, आणि शेजारच्या दातांच्या पुढच्या कडा जोडणाऱ्या रेषेच्या आत, टाळूच्या बाजूला जागा. आखणी हाडापासून सुरू न होता होणाऱ्या दातापासून सुरू होते, आणि मग त्या दाताखाली हाड आहे का हे सीबीसीटी या त्रिमितीय स्कॅनवर पाहिलं जातं.

इथपर्यंत सगळं कागदावर नीट बसतं. खरा हट्टी भाग ड्रिलचा आहे. दात नुकताच काढलेल्या खोबणीत सरळ खाली हाड नसतं. इम्प्लांटला पकड मिळते ती टाळूकडच्या भिंतीत, आणि ती भिंत कठीण आणि उतरती असते. उतरत्या फळीवर गिरमिट टेकवलं की टोक उताराकडे घसरतं, तसं ड्रिल ओठाकडे घसरतं. अनुभवी हात सुरुवातीला ड्रिल तिरपं धरून भिंतीत खाच पाडतो आणि मगच ते उभं करत खाली नेतो. इतकं करूनही इम्प्लांट फिरवून घट्ट करताना टाळूकडचं घट्ट हाड त्याला पुन्हा ओठाकडे रेटतं, म्हणून हँडपीस, म्हणजे हातातलं यंत्र, शेवटपर्यंत आतल्या बाजूला दाबून धरावं लागतं. गाइडमधली धातूची बाही हे घसरणं थोपवते, पण ड्रिल फिरायला तिच्यात थोडी मोकळीक ठेवावीच लागते, आणि त्या मोकळिकीतून ड्रिल झुकतं. 3.5 अंशांचा झुकाव दर दहा मिलिमीटरला सुमारे 0.6 मिलिमीटर बाजूला नेतो. त्यात स्कॅन आणि दातांचा ठसा एकमेकांवर बसवताना झालेला फरक, गाइडच्या छपाईतला फरक आणि ते दातांवर पूर्ण न टेकल्याचा फरक मिसळतो. चांगल्या गाइडला खिडक्या ठेवलेल्या असतात. त्यातून दाताची कड गाइडला टेकली आहे का हे डोळ्यांनी पाहता येतं. मला या सगळ्या व्यवस्थेत ती खिडकी सर्वात शहाणी वाटते.

यावर दोन बाजूंनी हरकत येते. जुने शल्यचिकित्सक म्हणतात, हात तयार असेल तर गाइड कशाला? पण नुसत्या हाताने केलेल्या कामात विचलन अधिक असतं, हे तुलनात्मक अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. आणि घसरणं नेहमी एकाच, नेमक्या वाईट बाजूला होत असेल तर अनुभवाच्या भरवशावर ते सोडणं योग्य नाही. दुसरी हरकत तंत्रज्ञानाच्या बाजूची: ड्रिलचा माग पडद्यावर दाखवणारं नेव्हिगेशन आहे, 2016 साली अमेरिकेत मान्यता मिळालेला योमी हा रोबोट आहे, मग उरलेली चूक लवकरच शून्य होईल. ती घटेल, हे मान्य. पण आखणीतच इम्प्लांट ओठाकडच्या भिंतीला टेकवून ठेवला असेल, तर रोबोट तो तिथेच अचूक नेईल. शिवाय गाइड स्वतःच्याही अडचणी आणतं: ते ड्रिल थंड ठेवणारी पाण्याची धार अडवतं, आणि 47 अंश सेल्सिअस तापमान एक मिनिट टिकलं तरी हाडाला इजा होते, हे एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी 1983 सालीच दाखवलं होतं. काही जण तिसरंही म्हणतात, की इम्प्लांटवर बसणारी कॅप बनवताना तिरपेपणा झाकता येतो. थोडा येतो. पण इम्प्लांटचा अक्ष ओठाकडे निघाला तर स्क्रूचं छिद्र दाताच्या दर्शनी बाजूला येतं. मग कॅप सिमेंटने चिकटवावी लागते, आणि हिरडीखाली राहिलेलं सिमेंट सूज आणतं. हिरडीची कड मात्र कोणत्याही कॅपने खाली येत नाही.

चुकीच्या जागी पक्का झालेला इम्प्लांट काढणं हे सगळ्यात अवघड. हाडाने धरला आहे हेच तिथे संकट ठरतं: उलटं फिरवून निघाला तर ठीक, नाहीतर कोरून काढताना आधीच पातळ असलेली भिंत त्याच्यासोबत जाते, आणि मग हाड आणि हिरडी दोन्हींचं रोपण करत महिने घालवावे लागतात. शेजारी शेजारी दोन दात गेले असतील तर अवस्था आणखी कठीण, कारण दोन इम्प्लांटच्या मधलं हाड खचतं आणि दातांमधला हिरडीचा त्रिकोण भरून येत नाही. तिथे काळी फट दिसते आणि ती भरण्याचा खात्रीचा उपाय आजही नाही. पातळ हिरडीच्या माणसात ही जोखीम वाढते, म्हणून रुग्णाला आधीच मोकळेपणाने सांगायला हवं की काही वेळा शेजारच्या दाताला चिकटवलेला साधा ब्रिज अधिक हिताचा असतो. आणि सगळं नेमकं बसलं तरी जबडा स्थिर राहत नाही. नैसर्गिक दात तंतूंवर तोललेला असल्यामुळे चेहऱ्याबरोबर हळूहळू खाली येत राहतो. इम्प्लांट हाडाशी जखडलेला, तो जागचा हलत नाही. वाढत्या वयाच्या मुलांना इम्प्लांट टाळतात ते यामुळेच. पण बर्नार आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये पाहिलं तेव्हा चाळिशी-पन्नाशीत इम्प्लांट बसवलेल्यांतही शेजारच्या दाताशी दीड मिलिमीटरहून मोठी पायरी पडलेली आढळली. त्यासाठी कॅप काढून नवी करता यावी लागते. स्क्रू टाळूच्या बाजूने बाहेर येत असेल तर ती काढणं सोपं जातं, आणि स्क्रू तिथून यावा यासाठी पहिल्या दिवशी ड्रिल आतल्या बाजूला दाबून धरलेलं असावं लागतं.