आसरा दिला, हक्क दिला का?

अरब देश म्हटले की आपल्याला तेलाचा पैसा आणि पाहुणचार आठवतो. पण दाराशी आलेल्या निर्वासिताला हे सगळे देश सारखे वागवीत नाहीत, हे आम्ही वाचकांच्या नजरेस आणू इच्छितो.

१९४८ साली लाखो पॅलेस्टिनी बेघर झाले. जॉर्डनने त्यांतील बहुतेकांना नागरिकत्व दिले. लेबनॉनने छावणीत आसरा दिला; पण नातवंडे-पतवंडे झाली तरी बहुतेकांना नागरिकत्व नाही. २००१ च्या कायद्याने तर त्यांना घर विकत घेण्यासही मज्जाव केला.

२०११ पासून सीरियात युद्ध पेटले. छोट्याशा लेबनॉनने दहा लाखांहून अधिक सीरियन सामावून घेतले. हे लहान काम नव्हे! मात्र हेही कायमचे राहतील या भीतीने सरकारी छावण्या उभारल्या नाहीत. जॉर्डनने २०१२ साली झातरीची छावणी उघडली. श्रीमंत आखाती देशांनी सीरियनांना येऊ दिले, पण निर्वासित म्हणून नव्हे. कामगार किंवा पाहुणे म्हणून.

तिथे कफाला पद्धतीत कामगाराचा मुक्काम मालकाच्या हाती असतो. मर्जी फिरली तर? १९९०-९१ च्या युद्धात पॅलेस्टिनी नेते यासर अराफत सद्दामकडे झुकले. त्याची शिक्षा कुवेतमधल्या पॅलेस्टिनी मास्तर-कारकुनांनी भोगली. लाखोंचे संसार उठले.

आपली माणसेही आखातात राबतात. म्हणून आम्ही म्हणतो, दयेने दिलेला आसरा केव्हाही काढून घेता येतो. कायद्याने दिलेला हक्क सहजासहजी काढता येत नाही.