मोटारसायकलीची घरची निगा आणि हत्यारांची पारख

शेतकऱ्याच्या अंगणात गोठ्याशेजारी आज बहुधा मोटारसायकल उभी असते. डेअरीवर दूध पोचविणे, तालुक्याहून बियाण्याची पिशवी आणणे, रात्री पंप सुरू करण्यासाठी मळ्यात जाणे, ही सारी कामे तिच्यावर सोपविलेली असतात. पाभर व कोळपे यांची डागडुजी घरी करणाऱ्या शेतकऱ्यास या वाहनाची किरकोळ निगाही घरी राखता येण्यासारखी आहे. मात्र त्यासाठी योग्य हत्यार हाती असावे लागते. अयोग्य हत्याराने केलेली दुरुस्ती ही न केलेल्या दुरुस्तीपेक्षा महाग पडते.

एका दूध उत्पादक शेतकऱ्याची हकीकत या बाबतीत बोधप्रद आहे. इंजिनातील तेल बदलण्यासाठी त्याने घरातील जुना स्क्रू पाना वापरला. पान्याचा सरकता जबडा ढिला असल्यामुळे तो घसरला व बोल्टाच्या डोक्याचे कोपरे झिजले. बोल्ट कसाबसा सुटला. परंतु परत बसविताना, जितका घट्ट तितका बरा, या समजुतीने त्याने पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी घालून जोर केला. इंजिनाचे कवच ॲल्युमिनियमचे असते. त्यातील आटे निघाले आणि नवे तेल अंगणात सांडले. दुसऱ्या दिवशी पहाटे दुधाच्या किटल्या घरीच राहिल्या. एका पान्याची किंमत वाचविण्याच्या नादात दूध, तेल आणि नवे आटे पाडण्याची मजुरी, असा तिहेरी भुर्दंड त्यास सोसावा लागला.

मापाची ओळख

पान्यावर कोरलेला आकडा बोल्टाच्या जाडीचा नसून, त्याच्या डोक्याच्या समोरासमोरील दोन बाजूंमधील अंतराचा असतो. ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टास सामान्यतः १० क्रमांकाचा पाना लागतो. कडेला पसरट चकती असलेल्या लहान डोक्याच्या बोल्टास ८ क्रमांकाचा लागतो. ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टाचे डोके जपानी धाटणीच्या गाड्यांत बहुधा १२ मिलिमीटरचे, तर युरोपीय धाटणीच्या गाड्यांत १३ मिलिमीटरचे असते. बाराच्या डोक्यावर तेराचा पाना चढतो खरा, परंतु जोर लावताच कोपरे झिजवितो. मद्रास येथे १९५५ पासून तयार होऊ लागलेल्या बुलेटच्या जुन्या गाड्यांवर तर इंची मापाचे बोल्ट आढळतात. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी आपल्या गाडीचे बोल्ट मोजून मापांची यादी करावी. गाडीसोबत मिळालेली हत्यारांची थैली आणि माहितीपुस्तिका प्रथम पाहावी.

कोणती हत्यारे घ्यावीत

दुतोंडी पाना बोल्टाच्या केवळ दोन बाजू धरतो, तर रिंग पाना सर्व बाजूंनी पकड घेतो. म्हणून घट्ट बोल्ट सोडविताना व शेवटी आवळताना रिंग पाना किंवा सॉकेट पाना वापरावा. मधल्या वेळी फिरविण्यास दुतोंडी पाना सोयीचा पडतो. स्पार्क प्लगसाठी वेगळा नळीदार पाना लागतो. १० मिलिमीटर आट्यांच्या प्लगास सामान्यतः १६ मिलिमीटरचा, तर १४ मिलिमीटर आट्यांच्या मोठ्या प्लगास बहुधा २१ मिलिमीटरचा पाना बसतो. प्लग थंड इंजिनात, आधी बोटांनी फिरवून मगच पान्याने आवळावा.

जपानी धाटणीच्या गाड्यांवरील अधिकाच्या खाचेच्या स्क्रूंत साधा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर पुरता बसत नाही व निसटून खाच खातो. ज्या स्क्रूच्या डोक्यावर लहानसा ठिपका असेल, त्यास जपानी मापाचाच स्क्रू ड्रायव्हर घ्यावा.

याखेरीज पक्कड, षट्कोनी खाचेसाठी ॲलन की, प्लगमधील फट मोजण्याचा फिलर गेज, टायरमधील हवेचा गेज, चेनचा ताण मोजण्यास पट्टी आणि विजेसाठी साधा मल्टिमीटर एवढी सामग्री पुरेशी होते. १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भारित असता, गाडी काही तास बंद ठेवल्यावर, १२.६ व्होल्टच्या आसपास दाब दाखविते. तो १२ व्होल्टवर आल्यास ती जवळजवळ उतरली असे समजावे.

पाना विकत घेताना त्यावर माप स्पष्ट कोरलेले आहे काय, तो बोल्टावर सैल तर बसत नाही ना, हे पाहावे. क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचे घडीव पाने टिकाऊ असतात. वीस हलक्या पान्यांच्या पेटीपेक्षा आपल्या मापाचे सहा चांगले पाने अधिक उपयोगी पडतात.

किती आवळावे

ॲल्युमिनियममध्ये बसणाऱ्या ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टास साधारणतः १० न्यूटन-मीटर पीळ पुरतो. २० सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाशी ५ किलोग्रॅम वजनाइतका जोर दिला म्हणजे एवढा पीळ मिळतो. दांड्यास दुप्पट लांबीची नळी जोडली तर तेवढ्याच जोराने पीळ दुप्पट होतो. उपरोक्त शेतकऱ्याचे आटे निघाले ते याच कारणाने. पुस्तिकेत दिलेला पीळ मोजून देणारा टॉर्क पाना महाग असतो. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून तो घेतल्यास खर्च विभागला जातो.

मर्यादा व दक्षता

१ एप्रिल २०२० पासून बी. एस. ६ मानके लागू झाल्यानंतर बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरच्या जागी इंधन फवारणीची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. तिच्यातील दोष हुडकण्यास निराळे तपासणी यंत्र लागते. म्हणून त्या कामी पाना लावू नये. ब्रेकची अंतर्गत दुरुस्तीही जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावी, कारण तेथील चूक जिवावर बेतते.

काम सपाट जागी, गाडी मुख्य स्टँडवर घेऊन, उघड्यावर करावे. पेट्रोलजवळ विडी-काडी नेऊ नये. काढलेले जुने तेल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नये. डब्यात साठवून ते जुने तेल गोळा करणाऱ्यास द्यावे. काम संपल्यावर हत्यारे पुसून, तेलाचा हात फिरवून कोरड्या जागी ठेवावीत.

वर उल्लेखिलेल्या शेतकऱ्याच्या ओसरीत आता सहा पाने मापाच्या क्रमाने खिळ्यांना टांगलेले असतात. स्क्रू पाना पूर्वीप्रमाणे नळाच्या कामी येतो, आणि तेल बदलण्याचे काम दुपारच्या दुधापूर्वी आटोपते.