दोन जीवांची कापडं : खर्च कमी, सोय जास्त

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत आपण बी-बियाणं, शेळ्या, शिलाई मशीन, मुलांची फी या सगळ्यांचा हिशेब मांडतो. पण घरातल्या सुनेला किंवा लेकीला दिवस गेले, की तिच्या कपड्यांचा हिशेब कुणी मांडत नाही. "चार महिन्यांसाठी कशाला नवी कापडं? आहे ते घाल सैल करून," एवढं बोललं की विषय संपतो. मग ती आवळलेला ब्लाउज आणि करकचून बांधलेला परकर घालून दिवस काढते. काहीजणी तर नेसायला धड नाही म्हणून तपासणीला जायचंसुद्धा पुढं ढकलतात. कपड्यापायी तपासणी चुकली तर ती काटकसर राहिली नाही, ते नुकसान झालं.

खरं तर यासाठी फार पैसे लागत नाहीत. काय बदलायचं आणि कधी बदलायचं, एवढं कळलं की पुरे.

आज्जीच्या नेसण्यात काय होतं?

आपल्या आज्ज्या-पणज्यांकडे गरोदरपणाचे वेगळे कपडे नव्हते, कारण त्यांचं रोजचं नेसणंच तसं होतं. नऊवारी लुगड्याला ना माप, ना नाडी. पोट वाढेल तशी गाठ सैल करायची. खणाची चोळी पुढं गाठ मारायची, त्यामुळे छाती भरली तरी तीच चोळी चालायची आणि बाळाला पाजायलाही सोपी जायची. म्हणजे कपडा अंगाप्रमाणे सैल व्हायचा.

आता पाचवारीखाली नाडीचा परकर आला आणि मापाचा ब्लाउज आला. पंजाबी ड्रेस, लेगिंग आले. हे कपडे वाईट नाहीत, पण ते एका मापाला शिवलेले असतात आणि अंग नऊ महिने एका मापाचं राहत नाही. एरवी ठणठणीत असलेल्या बाईचं वजन गरोदरपणात साधारण १० ते १२ किलो वाढतं. म्हणून आजच्या कपड्यांत जुनी युक्ती घालायची : सैल करता येईल असं बांधायचं आणि पुढून उघडेल असं शिवायचं.

परकराची नाडी : सगळ्यात आधी हिच्याकडे बघा

बारीक नाडी एकाच रेषेवर काचते. तिथं घाम साठतो, खाज सुटते, कातडी काळी पडते, कधी नायटा होतो. गरोदरपणात पोटाची कातडी ताणलेली असते, त्यामुळे त्रास वाढतो.

हा काच साधा समजू नका. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायकांची माहिती एका वैद्यकीय मासिकात दिली. वर्षानुवर्षं कमरेला घट्ट बांधल्यामुळे घासून जखम झाली होती, ती बरी होईना, आणि तिथंच कातडीचा कर्करोग झाला. त्यातली एकजण परकर न घालता नुसतं लुगडं नेसायची. म्हणजे दोष लुगड्याचा नाही आणि परकराचाही नाही, दोष आवळण्याचा आहे. असं क्वचितच होतं, घाबरायचं कारण नाही. पण कमरेवरची जखम महिनोन्महिने भरत नसेल तर कुठल्याही वयाच्या बाईनं डॉक्टरांना दाखवावीच.

उपाय घरच्या घरी होतो :

- नाडी काढून नेफ्यात दीड-दोन इंच रुंद इलॅस्टिक घाला, तेही सैल. किंवा सुती कापडाची तेवढीच रुंद पट्टी लावा.
- बांधल्यावर आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. बसल्यावरसुद्धा.
- पाचव्या महिन्यापासून परकर पोटावर न बांधता पोटाच्या खाली, सैल बांधा. गाठ रोज एकाच जागी येऊ देऊ नका.
- सलवारीच्या नाडीलाही हेच लागू.

ब्लाउज : टाकू नका, उसवा

पोटाच्या आधी छाती भरते. पहिल्या दोन-तीन महिन्यांतच ब्लाउज काखेत रुतायला लागतो. बाळ झाल्यावर दूध उतरतं तेव्हा माप पुन्हा वाढतं. म्हणून पाचव्या महिन्यात अंगाबरोबर माप घेऊन चार ब्लाउज शिवून टाकणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

- जुन्या ब्लाउजात माया असेल तर बाजूची शिलाई उसवून सोडा.
- माया नसेल तर बाहीच्या खालच्या शिवणीपासून ब्लाउजच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंना दोन-तीन इंचांची सुती पट्टी जोडा. पट्टी काखेखाली येते, वरून दिसत नाही.
- नवा शिवायचाच असेल तर एकच शिवा. दोन्ही बाजूंना दीड-दोन इंच माया ठेवायला सांगा. हूक पुढंच हवेत. हुकांसाठी दोन ओळी करून घेतल्या तर सैल-घट्ट करता येतं.
- कापड टू बाय टू किंवा सुती घ्या. या दिवसांत अंगाला उकाडा जास्त जाणवतो, सॅटीन आणि नायलॉन चिकटतं.

पहिल्या तासात बाळाला छातीशी घ्यायचं असतं आणि पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्यायचं असतं. त्यामुळे पुढून उघडणारा ब्लाउज बाळंतपणानंतरच जास्त उपयोगी पडतो. आतले कपडे सुती, तार नसलेले आणि एक माप मोठे घ्या.

गाऊन कधी, साडी कधी?

घरात गाऊनसारखं सुख नाही. पण गाऊन घेताना पुढं छातीपर्यंत चेन किंवा बटणं आहेत का बघा, म्हणजे तोच पुढं पाजायला चालतो. लांबी घोट्याच्या वर ठेवा, पायात अडकता कामा नये. चुलीपुढं सुतीच घाला.

नऊवारी साधारण आठ मीटर भरते. मधलं कापड शाबूत असेल तर एका जुन्या सुती लुगड्यातून दोन गाऊन निघतात. उरलेल्या तुकड्यांची दुपटी आणि लंगोट होतात. मऊ झालेलं जुनं कापड बाळाला नव्यापेक्षा बरं. फक्त स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवा.

तपासणीला जाताना मात्र अख्खा गाऊन नको. पोट तपासायला तो वरपर्यंत उचलावा लागतो आणि बाईला अवघडल्यासारखं होतं. साडी-ब्लाउज किंवा सैल कुर्ता-सलवार घाला. रक्तदाब बघायला बाही वर सरकली पाहिजे. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची खास तपासणी असते. त्या दिवसासाठी एक जोड धुऊन बाजूला ठेवा, म्हणजे "आज नको" म्हणायला कारण उरत नाही.

रानात आणि वाटेवर

आलं-हळदीच्या रानात, खुरपणीला आपण साडीवर घरातल्या पुरुषाचा फुल शर्ट घालतो. तो चांगलाच आहे, मात्र एक माप मोठा घ्या आणि खालची दोन बटणं मोकळी ठेवा. साडी घोट्याच्या वर नेसा. मोटारसायकलवर बसताना पदर आणि निऱ्या आवरून घ्या, चाकाला साडी-गार्ड आहे का ते आधी बघा.

चप्पल सपाट, न घसरणारी आणि मागं पट्टा असलेली हवी. पायाला सूज येते म्हणून अंगठी, जोडवी, घट्ट बांगड्या वेळेतच सैल करून घ्या. पण चप्पल अचानक घट्ट झाली, तोंड-हात सुजले, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढं अंधुक दिसतंय, तर कपड्यात उपाय शोधू नका. त्याच दिवशी आशाताईला सांगा आणि दवाखाना गाठा. रक्तदाब वाढल्याची ही खूण असू शकते.

किती कपडे पुरतात? हिशेब मांडू

खालचे भाव हिशेबासाठी धरले आहेत. रहिमतपूरच्या बाजारात विचारून आपापले आकडे घाला.

- गाऊन २ : ६०० रुपये
- रुंद पट्टीचे परकर २ : ३००
- नवा ब्लाउज १, शिलाईसह : ३००
- जुने ब्लाउज २, उसवून सैल करायला : १००
- सुती चड्ड्या ४ : २८०
- आतले वरचे कपडे २ : ३००
- चप्पल १ जोड : २५०

एकूण २,१३० रुपये. गाऊन जुन्या लुगड्यातून काढले आणि ब्लाउज घरच्या मशीनवर शिवला, तर दीड हजाराच्या आत बसतं. तेही एकदम लागत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आतले कपडे आणि ब्लाउज, पाचव्यात परकर, सातव्यात गाऊन आणि चप्पल. यासाठी गटातून कर्ज काढायची गरज नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये मिळतात, आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. ते पैसे तिच्या खाण्यापिण्याला आणि विश्रांतीला राहू द्या.

डोहाळजेवणाचंही बघा. हिरवी भरजरी साडी एक दिवस नेसली जाते आणि मग पेटीत जाते. ओटी जरूर भरा, पण हिरवा रंगच हवा तर हिरवा सुती गाऊन, पुढून हुकाचा ब्लाउज आणि दोन परकर द्या. माहेरच्यांनी बाळंतविडा करताना झबली-टोपड्यांबरोबर आईसाठीही दोन कपडे ठेवावेत.

बाळंतपणानंतर

पोट लगेच पहिल्यासारखं होत नाही, हेच कपडे अजून काही महिने लागतात. सिझर झालं असेल तर टाके ओटीपोटावर खाली असतात, नेमकी तिथंच नाडी घासते. टाके भरेपर्यंत गाऊन घाला, नाहीतर परकर बेंबीच्या वर सैल बांधा. पोट आवळून बांधायचं असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

गट काय करू शकतो?

१. गावाची पेटी : ज्यांचं काम झालं त्यांनी चांगले गाऊन, परकर, ब्लाउज धुऊन, वाळवून ग्रामसंघाकडे द्यावेत. वहीत नोंद ठेवा, परत आल्यावर पुन्हा धुऊन ठेवा. आतले कपडे मात्र पेटीत घ्यायचे नाहीत, ते ज्याचे त्यालाच.

२. शिलाईचं काम : ज्या ताईकडे मशीन आहे तिनं दोन परकर, एक ब्लाउज, एक गाऊन असा संच शिवून ठेवावा. डोहाळजेवणाला द्यायला गिऱ्हाईक मिळेल. भाव ठरवताना कापड, चेन, इलॅस्टिक यांबरोबर आपल्या मेहनतीचे पैसेही धरा.

३. घरात बोलणं : नवी सून तोंडानं मागत नाही. गटातल्या सासूबाईंनी, जावांनी आपणहून विचारावं : "परकर काचतोय का गं?" एवढ्या एका प्रश्नानं पुष्कळ काम होतं.

पुढच्या बैठकीत बचत जमा झाली की पाच मिनिटं हा विषय घ्या. आपल्या गटात किंवा गल्लीत आत्ता कोणाला कितवा महिना आहे, तिच्याकडे वरच्या यादीतलं काय आहे आणि काय नाही, ते लिहून काढा. जे नाही ते कुणाच्या तरी घरी नक्की पडून असेल.